वजाबाकीतले उसने दहा परत कुणाला द्यायचे?

पाटीपेन्सिल
तिसरीच्या वर्गावर मदतनीस म्हणून लागले त्याला दीड महिना झाला. बाई फळ्यावर शिकवतात, मी मागे तीन-चार मुलांना घेऊन बसते. काल ५२ − २७ चाललं होतं. एकाचं उत्तर ३५. चूक म्हटल्यावर खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा ३५! मग मी लहानपणी शिकले तसं सांगितलं: दोनातून सात जात नाहीत, दहा उसने घे, बारातून सात गेले पाच. आता खालच्या दोनात एक मिळव, तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस.

तो म्हणाला, "बाई तर वरच्या पाचाचे चार करतात. तुम्ही खाली का वाढवलं?" मी म्हटलं, उसने घेतलेले परत केले. "कुणाला?"

बोलतीच बंद. उत्तर बरोबर येतं एवढंच ठाऊक होतं, का येतं ते कधी कुणी सांगितलंच नाही. कुठून सुरुवात करू?

सुटे_दहा
आधी ते ३५. तो धांदरटपणा नाही. पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. त्याचा नियम पक्का आहे, म्हणून तर दोन्ही वेळा तेच आलं. नुसतं 'चूक' म्हणून तो नियम हलणार नाही.

तुमची रीत जुनी, पण खरी. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, खालच्या संख्येत एक दशक. दोन्हीकडे दहाच वाढले, म्हणजे फरक तोच: ६२ − ३७ केलं तरी २५. उसनं कुणी घेतलंच नाही, तर परत कुणाला करणार? बाईंची रीत वेगळी. त्या पाच दशकांतलं एक मोडतात, उरतात चार दशकं आणि बारा सुटे. वर्गात तीच चालू द्या, एका पोराला दोन रिती एकदम नकोत.

काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. सत्तावीस काढून दे म्हणा. रबरबँड त्याचा त्यालाच सोडू दे.

खडूची_भुकटी
आणि पेन्सिल त्याच्या हातातून घेऊ नका! मी वर्षभर घेत होते. मुलं माझं अक्षर बघत बसायची. उत्तर बरोबर असलं तरी "कसं केलंस?" विचारा, नाहीतर "कसं" म्हटलं की चुकलं असं समजून लगेच खोडतात.

एकोणतीस
संख्या लिहून घेताना ऐका. 'सत्तावीस'मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून काही जण ७२ लिहितात. वजाबाकी येत असते, गणितच भलतं उतरवलेलं असतं.

पाटीपेन्सिल
आज काड्या नेल्या. त्याने दोन सुट्या काढल्या, मग गठ्ठ्यांकडे बघत राहिला. मी हात मांडीखाली घालून बसले होते, खरंच. शेवटी म्हणाला, "एक फोडू?" फोडला. पंचवीस उरल्या, दोनदा मोजल्या.

मग वहीत केलं. उत्तर ३५! काड्यांकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाला, "वहीत गठ्ठा कसा फोडायचा?"

उद्या ३०२ − १४८ आहे म्हणे. मधल्या शून्याचं काय करू?

सुटे_दहा
शतक मोडा, दहा दशकं होतील. त्यातलं एक मोडा. वर राहतील २ शतकं, ९ दशकं, १२ सुटे. उत्तर १५४. पण उद्या नको, आधी वहीतला गठ्ठा फुटू दे. पाचावर काट मारून चार लिहिताना समोर काड्या असू द्या.