रंगपटातल्या अंधुक उजेडात व्यक्तिचित्रे: ५० मिमी घ्यावी की ८५?

प्रश्न
नमस्कार. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये दशावतारी कलाकार रंगायला बसतात, तेव्हाची त्यांची व्यक्तिचित्रे मी टिपतो. पेटीला आरसा टेकवून ते स्वतःच तोंड रंगवतात आणि उजेड बहुधा डोक्यावरच्या एकाच दिव्याचा असतो. तिथे फ्लॅश मारणे मला पटत नाही. कॅमेरा निकॉन डी५६०० आहे. सोबतची १८-५५ मिमी लेन्स (मिमीचा आकडा मोठा, तितके दृश्य जवळ दिसते) ५५ मिमीवर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), त्यामुळे आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदावर येते आणि भुवई कोरणारा हात अस्पष्ट उमटतो. ५० मिमी एफ १.८ घ्यावी, की आणखी पैसे साठवून ८५ मिमी एफ १.८?

प्रतिसाद १
माझ्या मते ५० मिमीच घ्यावी. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आल्यावर सुमारे दहापट प्रकाश मिळतो, म्हणजे त्याच आयएसओवर आपले शटर १/१५ वरून १/१२५ च्याही पुढे जाईल, आणि हा लाभ दोन्ही लेन्सांत सारखाच आहे. फरक आहे तो जागेचा. आपल्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) ८५ मिमी ही मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या जवळजवळ १२८ मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्य आणखी अरुंद होते. कंबरेपर्यंतचे चित्र हवे असेल, तर सव्वातीन मीटर मागे सरावे लागेल, आणि देवळामागच्या खोलीत तेवढी जागा क्वचितच मिळते. ५० मिमीला दोन मीटर पुरतात.

प्रतिसाद २
जुनी लेन्स घेणार असाल, तर ‘एएफ-एस’ (लेन्समध्येच फोकसची मोटर असल्याची खूण) ही अक्षरे पाहूनच घ्या. डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे मोटर नसलेली जुनी ५० मिमी १.८ डी लेन्स या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करत नाही. मला हे लेन्स विकत घेतल्यावर कळले.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही मतांशी सहमत आहे. फक्त सव्वा मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम पाच सेंटिमीटरांचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणून फोकस-बिंदू स्वतः निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवावा. आरशातला चेहरा टिपताना कॅमेऱ्यापासून आरसा आणि आरशापासून चेहरा अशी दोन्ही अंतरे मिळून फोकस लागतो. त्यामुळे प्रतिबिंब स्पष्ट आले, तर आरशाची चौकट धूसर होणारच. एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे उमटले, तर शटर १/१०० वर आणून पाहावे, कारण आपल्याकडच्या विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आरशाच्या दुहेरी अंतराचा मी कधी विचारच केला नव्हता. एएफ-एस ५० मिमी घेतो आणि पुढच्या जत्रेत आधी १/१०० वरच सुरुवात करतो.