मिस्टरांना टीबी निघालाय. पावडरचा डबा आणू की डाळ-अंडी? आणि मुलांचं काय?

वाळूजची_वैशाली

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

मिस्टर वाळूज एमआयडीसीत कामाला आहेत, वय ३६. दिवाळीपासून खोकला होता, संध्याकाळी अंगात कणकण यायची. आम्ही धूळ-धूर म्हणून सोडून दिलं. गेल्या मंगळवारी थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. रेझिस्टंट (नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा) नाही, साधा आहे, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. रोज सकाळी ३ गोळ्या सुरू झाल्यात. उंची ५ फूट ६ इंच आणि वजन फक्त ४३ किलो. लग्नात ५८ होतं.

घरात सासूबाई, मी, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा. खोली एकच, पुढे छोटं स्वयंपाकघर.

सासूबाई म्हणतात गोळ्या गरम असतात, म्हणून शेंगदाणे, अंडी, तूरडाळ बंद करायची. सध्या मुगाचं पाणी आणि मऊ भात चाललाय. मेडिकलवाल्याने प्रोटीन पावडरचा डबा काढून ठेवलाय, ८५० रुपये. रजा बिनपगारी आहे, त्यामुळे ८५० म्हणजे आमचा आठवड्याचा किराणा. त्यात भावाने मेसेज पाठवला की झारखंडमध्ये टीबीच्या घरांना रेशन दिलं, तर घरातल्यांना होणारा टीबी निम्म्याने घटला. हे खरं आहे का, की उगाच फिरणारा मेसेज? डबा घेऊ का? आणि मुलांना लागू नये म्हणून मी काय करू? रात्री झोप लागत नाही.

सहा_महिने_पूर्ण

ताई, मी २०२१ मध्ये पूर्ण कोर्स केलाय. पहिले तीन आठवडे अन्न समोर आलं की मळमळायचं. गोळ्या घेतल्यावर तासाभराने थोडंसं खायचो, मग दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. एका वेळी ताटभर जेवण जातच नव्हतं. शेंगदाण्याचा लाडू खिशात ठेवायचो. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, ते गोळीमुळे. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात, तेवढं मात्र होऊ देऊ नका.

साक्री_शिरपूर_रस्ता

वैशालीताई, मेसेज खरा आहे. "निम्म्याने" हा शब्द थोडा सैल आहे, पण गाभा खरा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयाचं माझ्यावर देणं आहे.

मी २७ वर्षं क्षयरोग कार्यक्रमात पर्यवेक्षक होतो. धुळे जिल्ह्यात साक्री, शिरपूरकडच्या पाड्यांवर मोटारसायकलने फिरायचो. डिकीत थुंकीच्या डब्या, गोळ्यांची पाकिटं आणि एक स्प्रिंगचा वजनकाटा. २०२४ ला निवृत्त झालो.

अभ्यासाचं नाव 'राशन्स'. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चेन्नईतल्या क्षयरोग संशोधन संस्थेला सोबत घेऊन तो केला. झारखंडचे ४ जिल्हे. ऑगस्ट २०१९ पासून फुप्फुसाच्या टीबीचे २,८०० रुग्ण घेतले आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. बहुतेक संथाल, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी घरांतली. सात महिन्यांतच लॉकडाऊन लागला, तरी त्यांनी रेशन पोचवलं आणि जुलै २०२२ पर्यंत माणसांचा माग ठेवला. ज्याने पाड्यावर औषधं पोचवलीत त्यालाच कळेल हे किती कष्टाचं काम आहे.

रुग्णाला महिन्याला १० किलोचा शिधा मिळायचा. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यातून रोज वरचे साधारण १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रोटीन. हा शिधा सगळ्याच रुग्णांना होता. फरक केला तो घरातल्यांच्या बाबतीत. भागांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. उरलेल्या भागांत घरातल्यांना काही नाही.

ज्या घरांत शिधा नव्हता तिथल्या ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना पुढे टीबी झाला. शिधा मिळाला तिथल्या ५,६२१ पैकी ९६ जणांना. सगळा हिशेब मांडल्यावर टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला आणि थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे पसरणारा, ४८ टक्क्यांनी. तुमच्या भावाच्या मेसेजमधलं "निम्म्याने" इथून आलंय. हे २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

लस नाही, नवी गोळी नाही. भात आणि डाळ.

मला हे वाचून आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण आधी पोटात खड्डा पडला. कारण आमच्या प्रशिक्षणात उलटं शिकवलं होतं. मद्रासला १९५६ पासून एक मोठा अभ्यास झाला. एका गटाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात ठेवलं, चांगलं खाऊ घातलं, विश्रांती दिली. दुसरा गट आपापल्या झोपडीत राहिला, कदान्न खाल्लं, पण गोळ्या त्याच. बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तो अभ्यास थोरच होता. त्यामुळे गरिबाला घर आणि मजुरी सोडून वर्ष-वर्ष दवाखान्यात पडून राहावं लागलं नाही. पण त्यातून आम्ही एक वाक्य उचललं: गोळी महत्त्वाची, आहाराचं विशेष नाही. मद्रासच्या अभ्यासाने उत्तर दिलं होतं ते जंतू मरतात का याचं. घरातला पुढचा माणूस आजारी पडतो का, अंगात काम करायचं बळ परत येतं का, हे प्रश्न वेगळे होते.

शिरपूरच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर एक बाई होती. नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी वजन ३१ किलो. काटा महूच्या फांदीला अडकवला होता, ती दोन्ही हातांनी हुक धरून लटकली तरी काटा हलल्यासारखा वाटेना. दुसऱ्या महिन्यात ३१. पाचव्या महिन्यात साडेतीस. एक गोळी चुकवली नाही तिने. थुंकी निगेटिव्ह आली. मी कार्डावर "उपचार पूर्ण" लिहिलं आणि सही केली. वजनाचा रकाना मीच दर महिन्याला भरत होतो, पण तो आडवा वाचला नाही. ३१, ३१, साडेतीस. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दोन वर्षांनी तिचा मुलगा थुंकीची डबी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्या घरात मी गोळ्या दिल्या होत्या, डाळ कोणीच दिली नव्हती.

म्हणून ताई, आजच एक वही करा. पहिल्या पानावर ४३ लिहा. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन. त्या झारखंडच्या रुग्णांत दिसलं की दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. तुमच्या घरी ५ टक्के म्हणजे २ किलो १५० ग्रॅम. दोन महिन्यांत काटा ४५ च्या पुढे सरकायला हवा. नाही सरकला तर गोळ्या संपायची वाट न बघता केंद्रावर जाऊन विचारा. पन्नाशीला पोचले तर तेही सांगा, कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ४३ ला ३ आहेत, ५० ला ४ होतात.

डबा घेऊ नका. ८५० रुपयांत शेंगदाणे, फुटाणे, तूरडाळ आणि अंडी आणा. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यात १२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, एका अंड्यात ६. मुगाचं पाणी देऊ नका, मूग द्या. प्रोटीन डाळीत असतं, वरच्या पाण्यात नाही. तेल-तूप तोडू नका. गोळ्या गरम पडतात ही समजूत मी हजार घरांत ऐकली, आणि त्या समजुतीपायी आधीच वाळलेल्या माणसाची डाळ बंद होताना पाहिली. सासूबाई मायेनेच म्हणतात. त्यांना केंद्रावर सोबत घेऊन जा आणि ताईंच्या तोंडून ऐकवा. घरात समजावण्यापेक्षा ते लवकर पटतं.

पैसे: टीबीच्या रुग्णांना आहारासाठी सरकार पैसे देतं, त्या निक्षय पोषण योजनेत आधी महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० आहेत. नोंदणी झाली का, बँक खातं जोडलं का, विचारा. 'निक्षय मित्र', म्हणजे रुग्णाला मदत करायला पुढे आलेली माणसं किंवा संस्था, त्यांची शिध्याची टोपली मिळते का तेही विचारा. आता ती घरातल्यांसाठीही द्यायची असं ठरलंय, आणि त्यामागे हाच अभ्यास आहे. संकोच करू नका.

मुलांचं: दोन्ही मुलं, तुम्ही, सासूबाई, सगळ्यांची तपासणी करून घ्या. टीबी नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध मिळतं, आता त्याला वयाची अट नाही. चार वर्षांच्या बाळाचं तर एक दिवसही पुढे ढकलू नका. मिस्टरांनी मास्क लावावा, खिडकी उघडी. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी ताटातून पसरत नाही.

शेवटचं, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. तुम्ही काय जेवता? माझ्या पाहण्यात रुग्णाला अंडं मिळतं, मुलांना दूध मिळतं, आणि घरची बाई खरवडलेल्या भातावर उठते. झारखंडमध्ये शिधा घरातल्या प्रत्येकाच्या नावाने होता. तुमचंही वजन त्याच वहीत लिहा.

मेडिसिन_निवासी

साक्री_शिरपूर यांनी नीट मांडलंय. दोन गोष्टी जोडते.

३९ आणि ४८ टक्के हे आकडे भक्कम आहेत, कारण तिथे वाटणी करून तुलना झाली. ६१ टक्क्यांचा आकडा वेगळ्या जातीचा आहे. शिधा सगळ्याच रुग्णांना होता, म्हणून वजन वाढलं त्यामुळे माणूस वाचला, की मुळात सुधारत होता म्हणून वजन वाढलं, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. तरी वजन मोजायचा सल्ला शंभर टक्के बरोबर. आणि हा अभ्यास फार उपाशी लोकांतला आहे. तिथल्या रुग्णांत पाचांपैकी चारांहून जास्त जण कमी वजनाचे होते. खात्या-पित्या घराला तेवढाच फायदा होईल असं नाही. तुमच्या मिस्टरांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मात्र १५ च्या आसपास येतो, म्हणजे ते त्याच गटात बसतात.

इतक्या खालून सुरुवात करताना आहार आठवडाभरात हळूहळू वाढवा. पायाला सूज, धाप, फार गुंगी वाटली तर लगेच दवाखाना. साखर तपासली का? नसेल तर तपासा, मधुमेह असेल तर आहाराचा हिशेब बदलतो. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पण एरवी स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका.

वाळूजची_वैशाली

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बाईचं आलं तेव्हा त्या उठून आत गेल्या. रात्री त्यांनीच डाळीला लसणाची फोडणी दिली.

डबा नको म्हणून सांगितलं. साखर नॉर्मल आहे. एक विचारायचं होतं, मुलीचा एक्स-रे चांगला आहे, पण ती म्हणते मी आजारी नाही तर गोळी का खाऊ. शिवाय तिच्या शाळेत सांगावं का?

साक्री_शिरपूर_रस्ता

शाळेत सांगायची सक्ती नाही ताई. मुलीला टीबी झालेला नाही, ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. तिला सांगा, जंतू आत झोपलेला असू शकतो, तो उठायच्या आधीच त्याला मारायचं आहे. माझ्याकडे मुलं स्वतः कॅलेंडरवर फुली मारायची, तुमच्या मुलीला तो खेळ आवडेल. मुलं सहसा मोठ्यांपेक्षा नेमाने गोळ्या घेतात.

वाळूजची_वैशाली

आज ३२ दिवस झाले. मिस्टर ४४ किलो ३००. खोकला रात्रीचा बंद झालाय. मुलगा आणि मुलगी दोघांचं औषध सुरू आहे, फुल्या मुलगीच मारते, आजीच्या नावाची पण. योजनेचे पैसे अजून आलेले नाहीत, खात्याचा नंबर चुकीचा टाकला गेला होता, तो काल दुरुस्त करून घेतला.

काका, माझं वजन पण लिहिलंय. ३९. हे कधी कोणी मोजलंच नव्हतं. कालपासून अंडी चारऐवजी पाच उकडते.