मदत हवी आहे: टी-पेशी प्रकाशाने चालू-बंद करायच्यात, पण अतिनील किरणांचं काय?

नमस्कार मंडळी. टी-पेशींची (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची) सक्रियता रोखणाऱ्या एका रेणूला अ‍ॅझोबेन्झीन (प्रकाशाने आकार बदलणारं संयुग) जोडलंय. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश पडला की ते वाकतं, म्हणजे ट्रान्सचं (सरळ रूपाचं) सिस (वाकडं रूप) होतं. निळ्या प्रकाशात बहुतांश पुन्हा सरळ. कागदावर झकास! पण अतिनील किरणांनी पेशींना इजाही होते. मग पेशी गप्प बसली ती रेणूमुळे की मार खाऊन, हे ओळखायचं कसं? नुसता प्रकाश दिलेल्या पेशी तुलनेला ठेवल्यात, तेवढं पुरेल का?

या संयुगाच्या ऑर्थो जागांवर (कड्यांवर नायट्रोजनच्या दुव्याशेजारी) चार मेथॉक्सी गट (-OCH₃) लावले तर अतिनीलऐवजी हिरव्या-लाल प्रकाशावर भागतं. मात्र पेशीतल्या ग्लुटाथायोनपुढे (पेशीतलं क्षपणकारक रसायन) असा रेणू टिकतो का? कुणी स्वतः वापरलाय? पेशी सक्रिय झाली का हे बघायला पेशीतलं कॅल्शियम मोजावं की थेट इंटरल्युकिन-२ (सक्रिय टी-पेशी सोडतात ते संदेशवाहक प्रथिन), तेही सांगा.