मदत हवी आहे: 'सिटी ऑफ बनारस' बोटीवरच्या खलाशांची नावं कशी शोधायची?

नमस्कार मंडळी, गावातल्या आमच्या शेजारच्या चाचांसाठी विचारतेय. गाव दापोलीजवळ. त्यांचे अब्बा बोटीवर खलाशी होते, लढाईत गेले, तेव्हा चाचा दीड वर्षाचे होते आणि आता ८६ वर्षांचे आहेत. घरात सगळे एवढंच सांगत आले की 'बनारस बोट बुडाली'. परवा त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडून एक कागद दाखवला, घडीवर फाटलाय, त्यावर इंग्रजीतलं अर्धं नाव आणि १९४० एवढंच वाचता येतंय.

मी शोधलं तर ही 'सिटी ऑफ बनारस'च असावी. १३ सप्टेंबर १९४० ला लिव्हरपूलहून कॅनडाला निघाली, बरोबर बाकीच्या बोटींचा ताफा होता, पण १७ तारखेला मध्यरात्रीनंतर संरक्षणाची लढाऊ जहाजं परत फिरली आणि त्याच दिवशी रात्री दहाच्या सुमाराला जर्मन पाणबुडी यू-४८ ने टॉर्पेडो मारला, भर अटलांटिकमधे, वादळात. बॉम्बहल्ल्यांपासून लांब म्हणून पाठवलेली ९० मुलं होती बोटीवर, त्यातली ७७ गेली. त्या मुलांबद्दल भरपूर लिहिलंय आणि लिहायलाच हवं, पण आपले शंभराहून जास्त खलाशी गेले त्यांच्याबद्दल एखादी ओळ असते, फार तर दोन. लाईफबोट नंबर १२ आठ दिवस समुद्रात होती, विमानाला दिसली म्हणून वाचली, त्यात ४६ माणसं, सहा मुलं आणि बरेचसे आपल्याकडचे खलाशी. हे वाचून दाखवलं तर चाचा परत परत एकच विचारत होते, "त्या होडीत अब्बा होते काय गो?"

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत गेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साईटवर बघतेय, पण नुसतं दाऊद घेतलं तरी स्पेलिंग तीन-चार प्रकारे होतं, कुठे आडनाव नाही, कुठे बापाचं नावच आडनावासारखं लावलंय. नक्की कुठल्या नावाने शोधू?

दुसरं म्हणजे मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममधे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या खलाशांच्या नावांचं पुस्तक आहे, ते कुणी प्रत्यक्ष बघितलंय का? आधी परवानगी काढावी लागते का, आणि वयस्कर माणसाला आत जिने चढावे लागतात का? चाचांचे गुडघे गेलेत, पण ते म्हणतात नाव सापडलं तर मी स्वतः येणार, हात लावून बघणार.

कोकणातल्या कुणाच्या घरी अशी जुनी बोटीची कागदपत्रं असतील तर प्लीज सांगा, व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला तरी चालेल.