साठीनंतर चालून मेंदू वाचतो, की चालणं चाळिशीतच लागतं?

घाटवाट : दम लागेल असा व्यायाम, म्हणजे भरभर चालणं, सायकल, पोहणं, हा निवृत्तीनंतरचा छंद नव्हे. तो तिशी-चाळिशीतच अंगवळणी पडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी शुगर सांगितली की मग बूट आणले जातात.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा अभ्यास बघा. १९६८ मध्ये ३८ ते ६० वयाच्या १९१ बायकांना पार दमेपर्यंत सायकल मारायला लावली आणि पुढे ४४ वर्षं त्यांची माहिती ठेवली. दमसास उत्तम असलेल्यांत स्मृतिभ्रंश ५ टक्क्यांना झाला, मध्यम गटात २५ टक्क्यांना, कमी दमसासाच्या गटात ३२ टक्क्यांना. त्रास झाल्याने ज्यांची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, त्यांच्यात तर ४५ टक्के. एवढं समोर असताना साठीची वाट कशाला बघायची?

आकडेमोड : त्या उत्तम गटात मुळात ४० बायका होत्या. त्यांचे ५ टक्के म्हणजे दोघी. शिवाय दमसास काही अंशी जन्मजात असतो, तो सगळाच व्यायामाने कमावलेला नसतो.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल अभ्यास यापेक्षा कितीतरी मोठा, दहा हजारांवर माणसांचा. २०१७ मध्ये त्यांनी पाव शतकाहून जास्त काळाची माहिती तपासली, तेव्हा व्यायामामुळे स्मृतिभ्रंश टळल्याचं काही दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच : निदानाच्या नऊ वर्षं आधीपासूनच रुग्णांची हालचाल कमी होऊ लागली होती. मग चालणं सुटलं म्हणून आजार आला, की आजार आत शिरला म्हणून चालणं सुटलं? पाच-सात वर्षांच्या अभ्यासांतून हे कळणारच नाही.

कृष्णाकाठ : माझे वडील निवृत्त होईपर्यंत सायकलवरून कामाला जायचे, सुट्टीत शेतात राबायचे. आज कोणती चप्पल कोणत्या पायात घालायची, ते आईला सांगावं लागतं. भेटायला येणारे विचारतात, "व्यायाम करत नव्हते का?" आईला ते फार लागतं. दादा, तुमच्यासारख्यांच्या ठाम बोलण्यातूनच हा प्रश्न लोकांच्या तोंडी येतो. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ जणांवर प्रयोग झाला, त्यातही व्यायामाने आजाराचा वेग कमी झाला नाही. आम्ही बाबांना रोज चालवतो ते एवढ्याचसाठी की रात्री त्यांना झोप लागते.

घाटवाट : ताई, असं विचारणाऱ्यांना तिथल्या तिथे गप्प करायला हवं. चालणाऱ्यालाही हा आजार होतो, व्यायामाने धोका कमी होतो इतकंच माझं म्हणणं. पण तेवढं मी सोडणार नाही. अमेरिकेत २०११ मध्ये ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचा प्रयोग झाला. आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, वर्षभरात २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा १.४ टक्क्यांनी आक्रसला.

आकडेमोड : आणि स्मरणशक्ती? ती दोन्ही गटांत सारखीच सुधारली, हे का गाळता? तिथेच पुढे ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांना दोन वर्षं व्यायाम दिला. नुसती आरोग्याची माहिती मिळालेल्यांपेक्षा त्यांची बुद्धी काही सरस ठरली नाही. स्कॅन सुधारून भागत नाही, माणसाला नातवाचं नाव आठवायला हवं.

घाटवाट : सत्तरीत सुरू करून दोन वर्षांत किती फरक पडणार? मी सुरुवातीपासून हेच सांगतोय. आणि त्याच प्रयोगात ऐंशी ओलांडलेल्यांची आखणी-नियोजनाची कुवत व्यायामाने थोडी बरी राहिली होती, तेही सांगा की. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बीपी आणि शुगरने वर्षानुवर्षं खराब होतात. चालण्याने हे दोन्ही आटोक्यात राहायला मदत होते, त्यावर कुणाचा वाद आहे?

पाटीपेन्सिल : चाळिशीत चाला म्हणता, पण चाळिशीतली बाई सकाळी सहाला डबे करत असते. तिच्या चालण्यासाठी पोळ्या कोण लाटणार, ते आधी ठरवा. फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, त्याबद्दल नगरपालिकेला कुणी अर्ज केलाय का? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळण्याजोगी १४ कारणं दिली आहेत; व्यायामाचा अभाव हे त्यातलं एक. कमी शिक्षण, बहिरेपण, अधू नजर हीसुद्धा त्याच यादीत आहेत. आमच्या वाड्यातल्या आजोबांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. फिरायला जायच्या आधी त्यांना कानाचं मशीन हवंय.

घाटवाट : मशीन घ्याच, बाई. पण पोळ्या घरातल्या पुरुषाने लाटाव्यात आणि तिने चालायला जावं, हे मला मान्य आहे. बाकीच्यांना आहे का?