बोट लागली नाही, जमीन लागली! (क्रूझवरून परतण्याच्या दिवसाबद्दल)

कोथरूडकर_सून

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात मी, नवरा आणि सासूबाई (वय ७४, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत) मुंबईहून गोव्याला जाऊन परत मुंबईला येणारी क्रूझ करून आलो. बफे, कॅसिनो, रात्रीचे कार्यक्रम यावर सगळीकडे रग्गड लिहिलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. परतण्याच्या सकाळबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही आणि आमची फजिती नेमकी तिथेच झाली.

आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत पट्ट्या आल्या. मोठ्या बॅगांना त्या बांधायच्या आणि रात्री झोपण्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. सकाळी धक्क्यावर आपापल्या रंगाच्या रांगेतून उचलायच्या. मी भलतीच शिस्तीची, सगळं भरून टाकलं. सगळं म्हणजे सगळं. सकाळी सहाला सासूबाईंनी विचारलं, "माझा डबा कुठंय गं?" हा डबा म्हणजे सासऱ्यांचा जुना स्टीलचा पानाचा डबा. ते गेल्यापासून त्यात कात-सुपारीच्या जागी बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या असतात. डबा निळ्या बॅगेत, निळी बॅग जहाजाच्या पोटात. आणि थायरॉइडची गोळी घेतल्याशिवाय सासूबाई चहाला तोंड लावत नाहीत. नवऱ्याचं तर विचारूच नका. त्याच्याकडे वर इस्त्रीचा शर्ट होता आणि खाली झोपायची बर्म्युडा. पँटा सगळ्या निळ्या बॅगेच्या सोबतीला.

चहा नाही, मग करायचं काय, म्हणून सासूबाईंना घेऊन वर डेकवर गेले. ही मात्र आख्ख्या सहलीतली सगळ्यात सुंदर वेळ निघाली. गोव्याच्या वाटेवरचं निळंशार पाणी संपून आपलं मुंबईचं दूध जास्त झालेल्या चहासारखं पाणी सुरू झालं होतं. एक छोटी बोट येऊन आमच्या जहाजाला चिकटली आणि एक माणूस दोराच्या शिडीवरून सरसर चढून आत आला. मग डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचं दीपगृह, मग ताजचा घुमट, गेटवे. सासूबाईंचा जन्म गिरगावातला, लग्न होईपर्यंत चौपाटी रोजची. पण मुंबईला समुद्राच्या बाजूनं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ही पाठमोरी ओळखूच येत नाही."

पुढे मात्र सगळी घाई. आठला केबिन रिकामी करा, लाउंजमध्ये बसून राहा, रंग पुकारला की उठा. आमचा रंग शेवटून दुसरा. डबा हाती लागला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. बाहेर आलो तर टॅक्सीवाला बेपत्ता. फोन केला तर म्हणतो, "मॅडम, तुम्ही बोट म्हणालात ना, मी भाऊच्या धक्क्यावर उभा आहे."

आता माझे प्रश्न. पुढच्या महिन्यात नणंद तिच्या सासूबाईंना घेऊन हीच क्रूझ करणार आहे. तिला शेवटच्या दिवसासाठी काय काय सांगू? वयस्कर माणसांना घाईतून वाचवता येतं का? आणि माझा स्वतःचा एक प्रश्न, हसू नका. जहाजावर मला एकदाही बोट लागली नाही, पण घरी आल्यापासून जमीन लागलीय. आज तिसरा दिवस. ओट्याशी पोळ्या लाटायला उभी राहिले की ओटा हळूच वर येतो आणि खाली जातो. आंघोळ करताना डोळे मिटले की भिंत धरावी लागते. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत.

गोदीतला_पेन्शनर

मुंबई बंदरात ३४ वर्षं काढली, म्हणून चार शब्द.

तुम्ही पाहिलात तो शिडीवरून चढलेला माणूस म्हणजे बंदराचा पायलट. कप्तान कितीही मुरलेला असला तरी बंदरात शिरताना आमच्या माणसाशिवाय पुढे सरकायचं नाही. प्रवाह, गाळ, नांगरलेली जहाजं, मधूनच घुसणाऱ्या मच्छीमार बोटी, हे सगळं त्याला पाठ असतं. मग टग, म्हणजे जहाजाला ओढून-ढकलून धक्क्याला लावणाऱ्या छोट्या बोटी, येतात, दोर बांधले जातात आणि त्यानंतरच गँगवे, म्हणजे उतरायची शिडी, लागते. धक्क्यावर जहाज दिसलं म्हणजे लगेच उतरायचं असं नसतं, हे नणंदेला पहिलं सांगा.

दुसरी गोष्ट, घाईचं कारण. तुमची सुट्टी संपते त्या सकाळी जहाजाचा कामाचा दिवस सुरू होतो. बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी नवी माणसं घेऊन ते पुन्हा सुटायचं असतं. मधल्या काही तासांत हजारो चादरी बदलायच्या, कचरा उतरवायचा, भाजीपाला चढवायचा, सुटण्याआधी नव्या लोकांची लाइफजॅकेटची कवायत घ्यायची. आठला केबिन मागतात ती खोडी म्हणून नव्हे.

वयस्करांसाठी युक्ती एकच. चढतानाच रिसेप्शनवर व्हीलचेअरची नोंद करा, उतरायच्या दिवशी नव्हे. चालता येत असलं तरी करा. मानपान बाजूला ठेवा. लांबचं चालणं आणि तासभराचं उभं राहणं वाचतं. आणि आमच्या बंदरात भरती-ओहोटीत मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. जहाज तेवढं वर-खाली होतं, तसा शिडीचा चढ बदलतो. चढताना सोपी वाटलेली शिडी उतरताना उभी भेटू शकते. गुडघेवाल्यांनी कठडा धरून सावकाश उतरावं, मागच्यांना खुशाल खोळंबू द्यावं.

टॅक्सीवाल्याला "बोट" म्हणायचं नाही, "क्रूझ" म्हणायचं नाही. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं सांगायचं. सीएसएमटी तिथून हाकेवर.

जाता जाता. तुम्ही उभ्या होतात तिथे एके काळी रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेच्या बोटीतून उतरलेला साहेब पेशावरच्या फ्राँटियर मेलमध्ये तिथेच चढायचा. १९४४ साली ते बंद झालं. साहेबाला टॅक्सी शोधावी लागत नव्हती, एवढाच मुद्दा.

कान_नाक_घसा

कोथरूडकर_सून, नवऱ्याला सांगा, मनाचे खेळ नाहीत, कानाचे आहेत.

आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. जहाजावर मेंदू दोन-तीन दिवसांत हेलकाव्यांचा हिशोब शिकतो आणि तुम्ही डुलायच्या आतच तुम्हाला सावरून घ्यायला लागतो. ज्यांना बोट लागत नाही त्यांचा मेंदू हे पटकन शिकलेला असतो. घरी आल्यावर हेलकावे थांबतात, पण मेंदूचं सावरणं थांबत नाही. म्हणून ओटा डुलतो. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं, काहींना थोडं जास्त लागतं. तिसरा दिवस म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

एक गंमत बघा. रिक्षात किंवा गाडीत बसलात की बरं वाटत असेल. उतरलात की पुन्हा सुरू. बरोबर? ही त्याची खूण आहे.

मोकळ्यावर चाला, लांबच्या झाडाकडे बघत चाला. झोप पुरी घ्या. बोट लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांचा यावर सहसा उपयोग होत नाही, उगाच घेत बसू नका. डोळे मिटल्यावर तोल जातो कारण तेव्हा डोळ्यांची मदत बंद होते. म्हणून रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा आणि आंघोळ काही दिवस स्टुलावर बसून करा. सासूबाईंसाठी हे जास्त महत्त्वाचं, त्या वयात पडणं परवडत नाही.

आठवड्यात उतार पडला नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. क्वचित काही जणांचं महिन्याच्या वर रेंगाळतं, त्याला वेगळे उपचार लागतात. आणि गरगरण्याबरोबर बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही झालं तर बोटीचा विचार सोडून त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

फ्लोरिडातली_नाशिककर

बर्म्युडावाल्या नवऱ्याला माझ्याकडून दिलासा द्या. आमच्याकडे फोर्ट लॉडरडेलच्या बंदरात दर रविवारी निदान एक तरी काका बाथरोबच्या विनवण्या करत असतात.

आम्ही आता बॅगा बाहेर ठेवतच नाही. आपलं सामान आपण ओढत न्यायची तयारी असेल तर बऱ्याच जहाजांवर सगळ्यात आधी सोडतात. पण त्यासाठी बॅगा लहान हव्यात आणि अंगात दम हवा. सासूबाई बरोबर असतील तर हे जमणार नाही. मग निदान एक पिशवी जवळ ठेवायची. त्यात औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड, चार्जर, कागदपत्रं. मी ही पिशवी पहिल्याच दिवशी भरून कपाटात टांगते.

दुसरं, बिल. सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि शेवटच्या सकाळी रिसेप्शनसमोर तिरुपतीसारखी रांग लागते. आदल्या दुपारीच हिशोब मागून बघा. आम्हाला एकदा कुणीच न प्यायलेल्या तीन कॉफ्या लागल्या होत्या, दुपारी सांगितलं तर दोन मिनिटांत काढल्या.

परदेशातून परतणाऱ्यांसाठी माझ्या आईची गोष्ट. बहामाजवरून परत येत होतो, त्या दिवशी नेमकी एकादशी. तिनं बफेतलं एक सफरचंद रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलेलं. कस्टम्सच्या हॉलमध्ये एक गोजिरवाणा बीगल कुत्रा आला आणि तिच्या पायाशी शहाण्यासारखा बसला. आई म्हणते, "किती माया आहे बघ याच्या डोळ्यांत." माया कसली! त्याला फळं हुंगायलाच शिकवलेलं असतं. सफरचंद गेलं, दंड होता होता वाचला, आणि उपास खरोखरचा घडला.

दर्यावर्दी_मालवण

माका त्या टॅक्सीवाल्याचा कौतुक वाटला. तो चुकूक नाय, फकस्त चाळीस वर्सां उशिरा पोचलो.

आमच्यासाठी बोट म्हणजे भाऊचा धक्काच, कोकणची बोट तेव्हा तिथे लागायची. मे महिना संपता संपता आई, मी, दोन बहिणी, आंब्याच्या पेट्या, फणस, वळकट्या असं लटांबर मुंबईला निघायचं, कारण पावसाळ्यात बोट बंद. मालवणात बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर दर्यात उभी राही. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि लाट वर आली की खलाशी दंडाला धरून आत ओढायचे. रात्र डेकवर सतरंजीवर. सकाळी मुंबई दिसली की आई सगळ्यांना चपला घालायला लावायची.

उतरल्यावर जमीन हलायची, हो. परळच्या खोलीत दोन दिवस पिंप हलतंय असं वाटायचं. आईचं औषध एकच होतं, पाण्याच्या दोन बादल्या भरून जिन्यानं वर आण. डॉक्टरसाहेब चाला म्हणतात ते हेच असावं.

पँट कमी पडण्याची भीती आम्हाला नव्हती. एकच असायची, ती अंगावर.

कोथरूडकर_सून

सगळ्यांचे मनापासून आभार! नणंदेला हा धागाच पाठवलाय. व्हीलचेअरचं वाचून तिच्या सासूबाई आधी रागावल्या, मग "फुकट असते का?" असं विचारलं म्हणे.

डॉक्टर, तुम्ही म्हणालात ते अगदी तंतोतंत. रिक्षात बसले की मी ठणठणीत, कर्वे रोडच्या खड्ड्यांत तर फारच छान. उतरले की फुटपाथ डुलतो. पण आज जरा कमी आहे. पोळ्या गोल झाल्या.

आणि एक कोडं तुमच्यामुळे सुटलं. मला इतका त्रास होतोय आणि सासूबाईंना काहीच कसं नाही, म्हणून मी तीन दिवस चकित होते. तर आमच्या हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा आहे आणि आल्यापासून त्या त्याच्यावरच आहेत. चहा तिथे, पेपर तिथे, गोळ्यांचा डबाही तिथेच. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि म्हटलं, "आई, उठा आता, मोकळ्यावर चालून या." पायानं एक ठेका देत म्हणाल्या, "इथं कुणी आठला केबिन रिकामी करा म्हणत नाहीये ना?"