रेणुकेची कथा घडलेली मानावी की रूपक?

कणकुंबीकर:
मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, जिला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात, सहकुटुंब सौंदत्तीला, रेणुकेच्या म्हणजेच यल्लम्माच्या डोंगरावर, जाऊन आलो. परतताना गाडीत मुलीने विचारले की, बाप जमदग्नी याच्या सांगण्यावरून परशुराम आई रेणुकेचे शिर उतरवतो, ही गोष्ट खरोखर घडली असे तुम्ही मानता का? मी म्हणालो की ते रूपक आहे. रोज मलप्रभेच्या वाळूची घागर घडवून, सापाची चुंबळ करून पाणी आणणारी रेणुका म्हणजे एकाग्र मन. मन क्षणभर ढळले की घागर विरघळते. ती म्हणाली, ‘कथा रूपक असेल, तर डोंगरावर देवीला सोडलेल्या जोगतिणींच्या बांगड्या खऱ्या का फुटतात?’ मला उत्तर सुचले नाही.

तरीही माझे मत कायम आहे. महाभारताच्या वनपर्वात रेणुका पाण्यात क्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहते आणि तेवढ्यावरून जमदग्नी कोपतो. वाळूची घागर आणि सापाची चुंबळ तेथे नाही, ती लोकांनी आपल्या नदीवरून घातली आहे. शब्दशः सत्य मानायचे तर यातला कोणता पाठ मानायचा? ज्या भाषेत नाथांनी विंचवाच्या भारुडातून काम-क्रोध सांगितले, त्या भाषेच्या वाचकाला रूपकाचे वावडे असू नये.

टिळकवाडीचा वाचक:
कणकुंबीकर, भारुड हे रूपक म्हणूनच रचलेले असते आणि नाथ विंचवाचे नाव तेथेच सांगून टाकतात. पुराणकथा तशी रचलेली नसते. तिच्यावर रूपक आपण मागाहून चढवतो, आणि बहुधा जेथे आपल्याला लाज वाटते तेथेच चढवतो. अवघड ओळ आली की रूपक आणि सोयीची आली की प्रमाण, असा हा व्यवहार आहे.

आपल्याच गावाशी जोडलेली दोन माणसे पाहा. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवणारे गांधीजी गीतेतले युद्ध मनुष्याच्या हृदयात चाललेले युद्ध मानत; अनासक्तियोग या आपल्या गीतानुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. त्यांच्या आठ वर्षे आधी, एप्रिल 1916 मध्ये, टिळकांनी बेळगावातच होमरूल लीग स्थापन केली. त्यांचे गीतारहस्य आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते आणि त्यात अर्जुनापुढचे युद्ध हे युद्धच आहे. मला टिळकांचे वाचन अधिक प्रामाणिक वाटते. कुरुक्षेत्र हृदयात नेले की समोर उभे असलेले आजोबा आणि गुरू नाहीसे होतात, आणि त्यांच्यावर बाण कसा सोडू, हा अर्जुनाचा मूळ प्रश्नच उरत नाही. तुमच्या वाचनात रेणुकेचे शिर तसेच नाहीसे झाले आहे. तुमच्या मुलीला ते दिसते आहे.

जुना शास्त्राभ्यासी:
दोन्ही बाजू जणू हा प्रश्न काल-परवा उपजला असावा अशा बोलत आहेत. पूर्वमीमांसेत वेदवाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भेद केलेले आहेत. विधी म्हणजे ‘हे करावे’ अशी आज्ञा. अर्थवाद म्हणजे त्या आज्ञेची स्तुती करणारे किंवा निषिद्धाची निंदा करणारे वाक्य, ज्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. ‘आदित्यो यूपः’, म्हणजे यज्ञातला खांब हा सूर्य आहे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. खांब काही सूर्य नसतो. तुपाने माखलेला तो सूर्यासारखा चकाकतो, एवढाच त्याचा आशय. आणि शंकराचार्य तर गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात म्हणतात की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले, तरी त्या प्रमाण ठरत नाहीत. वेद प्रमाण मानणाऱ्या आचार्यांचे हे वाक्य आहे, हे विसरू नये.

म्हणून वाचकमहाशयांचा ‘मागाहून चढवलेले रूपक’ हा आक्षेप मला पुरता मान्य नाही. मात्र कणकुंबीकरांनी केलेले ‘रेणुका म्हणजे एकाग्र मन’ हे समीकरण शास्त्राचेही नाही आणि लोककथेचेही नाही. ते प्रवचनातले आहे. (प्रवचनकारांना घागर दिसली की मन आठवतेच.) खरा प्रश्न असा की, रेणुकेच्या कथेत विधी कोणता? आज्ञा कोणाला आणि कशाची?

निपाणीची लेक:
आज्ञा कोणाला, हे मी सांगते. आमच्या शेजारी एक जोगतीण आजी राहत. लहानपणी केसांत जट आली, म्हणून देवीने बोलावले असे ठरले आणि त्यांना यल्लम्माला सोडण्यात आले. डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली), हातात परडी, मंगळवार-शुक्रवारचा जोगवा, एवढे त्यांचे आयुष्य. कर्नाटकात देवदासी सोडण्यास बंदी करणारा कायदा 1982 साली झाला. तोपर्यंत आजींचे केस पांढरे झाले होते. तेव्हा कथा शब्दशः मानण्याची किंमत कोण भरते, याची मला पुस्तकी माहिती नाही, पाहिलेली आहे.

परंतु यानंतरचा भाग कणकुंबीकरांनाही आवडणार नाही. शिकत असताना मीही एकदा त्यांना, हे सारे रूपक आहे, असे समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्याकडच्या लोककथेतला तो पाठ सांगितला, ज्यात परशुराम आईला उठवताना शिरांची अदलाबदल होते आणि रेणुकेच्या धडावर मातंगीचे, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या बाईचे, शिर बसते. मग म्हणाल्या, ‘डोंगरावर मोठमोठे लोक वाकतात ते आमच्यातल्या बाईच्या तोंडापुढं वाकतात. ते बी खोटं म्हण की.’ ज्या बाईला गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे, तिच्याजवळ ही एकच गोष्ट घडलेली म्हणून होती, आणि मी सुशिक्षितपणाने तीही काढून घेऊ पाहत होते. रूपक म्हणण्याची चैन ज्याचे त्या कथेवाचून अडत नाही त्याला परवडते, असे मला तेव्हापासून वाटते.

खानापूरकर:
मी एवढेच विचारतो. रेणुकामाता माहूरलाही आहे आणि सौंदत्तीलाही; शबरीचे स्थान रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळ दाखवतात आणि हंपीकडे पंपासरोवरापाशीही दाखवतात. घडलेले मानणाऱ्यांनी यातले एक ठिकाण निवडावे. भाविक मात्र निवडत नाही, तो दोन्हीकडे नारळ फोडतो. तेव्हा ‘शब्दशः मानणारा भाविक’ हीसुद्धा आपणच उभी केलेली आकृती नाही ना?

टिळकवाडीचा वाचक:
खानापूरकर, मुद्दा मान्य. पण दोन्हीकडे नारळ फोडणाऱ्याला ‘येथे काहीच घडले नाही’ असे म्हणून पाहा. ताई, तुमच्या लेखनाने माझ्याही भूमिकेला तडा गेला आहे, कारण मी शब्दशः वाचनाचा कैवार घेतला तो टिळकांच्या आधाराने. आजींच्या डोक्यावरच्या जगाचा विचार करून नव्हे.

कणकुंबीकर:
मुलीला हा सारा धागा वाचून दाखवला. ती म्हणते की बाबांचे रूपक आणि आजींची कथा यांतली एक निवडायची झाली, तर ती आजींची निवडील आणि बांगड्या मात्र फोडू देणार नाही. हे तर्कात कसे बसवायचे ते शास्त्राभ्यासींनी सांगावे. ताई, एक विचारतो. त्या आजींनी पुढे जट काढली का?

निपाणीची लेक:
नाही. त्यांनी ती शेवटपर्यंत ठेवली. मात्र त्यांच्या भावाच्या नातीच्या केसांत गुंता दिसू लागला आणि घरात कुजबुज सुरू झाली, तेव्हा कोणालाही न विचारता आजी खोबरेल तेल आणि फणी घेऊन ओसरीवर बसल्या. सकाळपासून दुपारपर्यंत एकेक बट सोडवत होत्या, आणि तोंडाने देवीचेच गाणे चालले होते.